दाखल क्रमांक अकराशे सात

खानापूरच्या वाचनालयात आता वाचायला कुणी येत नाही,
अभ्यासाला येतात.
सकाळी सहाला पोरं दारात, पाण्याच्या बाटल्या घेऊन,
महिन्याला चारशे, पंखा आणि चार्जिंग धरून.
कपाटांकडे पाठ करून बसतात.

मी देवघेवीच्या टेबलाशी.
देव नाही, घेव नाही,
तरी तारखेचा शिक्का रोज एक घर पुढं फिरवते.
कालचा दिवस त्यात अडकून राहू नये, एवढंच.

कमिटीनं ठरवलंय, तीन कपाटं हलवायची.
बारा टेबलं बसतील तिथं.
रद्दीवाला बेळगावहून गुरुवारी येणार.
"बाई, तुम्हीच निवडा.
दहा वर्षांत ज्याला हात लागला नाही, ते बाजूला."
निवडतेय.
तांदूळ निवडावेत तशी,
फक्त खडे कुठले ते कुणी सांगितलेलं नाही.

आणि हे हाताला लागलं. अकराशे सात.
शहाऐंशी साली दस्तगीर बाइंडरनं बांधलेलं,
मी तेव्हा नुकती लागले होते.
दोन गठ्ठे गेले होते त्याच्याकडे,
एक आमचा, एक पलीकडच्या कन्नड संघाचा.
त्याला ना ही लिपी येत होती, ना ती.
हाताला येईल तसं शिवत गेला.
पान शहाण्णवपर्यंत मराठी :
एक मुलगी टपालाची वाट बघत उंबऱ्यात उभी.
पान उलटलं की कन्नड :
एक म्हातारा बैल विकायला बाजाराला निघालेला.

शिवण मात्र अशी
की अजून एक पान सुटलेलं नाही.

परत पाठवायचं राहिलं. होनगेकर काकूंनी नेलं.
आठवड्यानं आल्या, घाम पुसत म्हणाल्या,
"अर्धं वाचलं की गे मी. म्होरलं नीलव्वानं वाचून सांगितलं,
आमच्या भिंतीपलीकडची."
म्हटलं, काकू, पुढचं वेगळंच पुस्तक आहे ते.
"वेगळं कशाला? पोरीचं पत्र येईना,
म्हणून बापानं बैल विकला.
हुडकायला जायचं तर पैसे नकोत काय?"

मी गप्प.
दुसऱ्या आठवड्यात नंदगडच्या एका मास्तरांनी मागितलं तेच,
मग पोस्टातल्या कुणी, मग गिरणीवाल्या चापगावकरांनी.
कार्ड भरलं, मागची बाजूही भरली.
एक नाव कार्डावर,
एक कार्डाबाहेर,
ज्याला उरलेलं अर्धं येत होतं.
पाट्यांना डांबर फासलं त्या महिन्यातही
कार्डावर दोन शिक्के आहेत.
मी पुन्हा पुन्हा मोजले.

शेवटचा शिक्का दोन हजार नऊचा.
म्हणजे नियमानं रद्दी.

चौदा नंबरच्या टेबलावरचा प्रज्योत पाणी प्यायला उठला,
त्याच्या हातात दिलं.
घरी मराठी, शाळा कन्नड, परीक्षा दोन्हींत.
उभ्याउभ्या चाळलं त्यानं, इकडचं आणि तिकडचं,
एकदाही न अडखळता.
मला हेवा वाटला, खरं सांगते.
मग म्हणाला,
"बाइंडिंग चुकलंय बाई. ह्याचा त्याचा काय संबंध नाही."

"शेजारी कोण राहतं रे तुझ्या?"
"रूमवर? माहीत नाही. दार बंदच असतंय की."

तो गेला. पंखा फिरत राहिला.
कमिटीच्या नव्या यादीत भाषेचा एक रकाना आहे,
त्यात एकच शब्द मावतो.
मी तो रकाना तसाच ठेवला,
कार्डाला नवा कागद चिकटवला,
आणि आजची तारीख उमटवली.
इतक्या दिवसांनी शिक्क्याला काम.

घेणाऱ्याच्या जागी माझं नाव.
शहाण्णव पानं मला येतात.
गुरुवारच्या आत
उरलेल्यांसाठी कुणीतरी हुडकायचंय,
भिंतीला भिंत लागून असलेलं.